परग्रही यंत्र कथेत आणताना: स्पेस ऑपेरा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेस ऑपेरा म्हणजे अंतराळातलं संगीत नाटक का?

नाही, आणि तसं लिहून आलेलं हस्तलिखित वाचायला आम्हांला खरं तर आवडेल. अमेरिकेत रेडिओवरच्या रटाळ कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणत. त्याच चालीवर १९४१ साली रॉकेटछाप गोष्टींना हे नाव ठेवलं गेलं, तेही नाक मुरडून. पुढे नावातला कुचकेपणा गेला आणि प्रकार उरला. प्रचंड अंतरं, एक जहाज, त्यावरची भांडणारी माणसं आणि पणाला लागलेलं काहीतरी मोठं, एवढं असलं की ती स्पेस ऑपेरा.

परग्रहवासी दुष्ट नसतील, तर त्यांचं यंत्र धोकादायक कसं होईल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर ताऱ्यांमध्ये शोधू नका, ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात शोधा. सप्टेंबर १९८७ मध्ये तिथल्या एका ओसाड दवाखान्यातून दोघांनी किरणोपचाराच्या यंत्राचा जड भाग भंगार म्हणून उचलून नेला. आतल्या कुपीत सिझियम-१३७ या किरणोत्सर्गी धातूचं क्लोराइड होतं, जेमतेम ९३ ग्रॅम. स्क्रू-ड्रायव्हरने कुपीला भोक पडलं. भंगारवाल्याने माल विकत घेतला आणि रात्री त्याला दिसलं की आतली भुकटी निळसर चमकते आहे. वस्तू मौल्यवान, कदाचित दैवीही असावी असं वाटून त्याने ती घरात आणली. नातलगांना, शेजाऱ्यांना चिमूट चिमूट वाटली. काहींनी अंगाला चोळली. एका सहा वर्षांच्या मुलीने तेच हात घेऊन जेवण केलं. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोला संशय आला आणि उरलेला भाग पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात नेण्यात आला. चौघे दगावले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली आणि २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते द्रव्य निघालं.

यात खलनायक कुठे आहे? यंत्र कर्करोग बरा करण्यासाठी बनवलेलं होतं, नेणारे पोटासाठी नेत होते आणि वाटणारा प्रेमाने वाटत होता. बनवणाऱ्याचा हेतू आणि सापडलेल्याचा उपयोग यांच्यात जी फट पडते, धोका तिथून आत येतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० च्या बाबतीत हेच घडलं आणि एकाचा जीव गेला. तुमच्या कथेतल्या खलाशांना परग्रही यंत्र सापडतं, तेव्हा ते सगळे त्या भंगारवाल्याच्या जागी असतात. त्यांना मूर्ख दाखवू नका. गोइयानियातलं कुणीही मूर्ख नव्हतं.

यंत्राची आखणी कुठून सुरू करायची?

ते बनवणाऱ्यांच्या रोजच्या कामापासून. लिहायला बसण्याआधी एका कागदावर यंत्राची कुंडली मांडा: ते कशासाठी बनवलं, ऊर्जा कुठून घेतं, कशामुळे चालू होतं, काम संपल्यावर काय करतं आणि पात्रांना त्यातलं किती दिसतं. पहिल्या चार रकान्यांतली माहिती कथेत एका ओळीनेही येणार नसली तरी तुम्हांला ठाऊक हवीच. पाचवा रकाना म्हणजे कथा.

एक यंत्र घेऊन हे करून पाहू. पुढच्या उत्तरांतही तेच वापरलं आहे. गुरूच्या कॅलिस्टो या उपग्रहावर एक काळा गोळा सापडतो, व्यास ४० सेंटिमीटर, वस्तुमान ९० किलो. त्याचा पृष्ठभाग कायम उणे १९३ अंश सेल्सिअसवर असतो. कितीही उष्णता द्या, गोळा ती गिळतो आणि तेवढाच गार राहतो. खलाशी त्याला 'माठ' म्हणू लागतात.

आता कुंडली. माठ हे ऊर्जा साठवण्याचं भांडं आहे. बनवणारे ते एखाद्या गरम जागी ठेवत, भरलं की नेत आणि दुसरीकडे रिकामं करत. भरल्यावर कुणी नेलं नाही तर ते आपणहून रिकामं होतं. त्यांच्या दृष्टीने ही सुरक्षेची सोय होती, कारण ते राहत त्या जागेपासून भांडी लांब ठेवलेली असत. आपले खलाशी मात्र त्याच्या शेजारी झोपतात.

यात विज्ञानाचे नियम मोडत नाहीत का?

मोडतात, एका जागी. एवढी उष्णता पोटात घेऊन गार राहायचं तर एन्ट्रॉपीचा, म्हणजे ऊर्जेच्या विखुरण्याचा, हिशेब कुठेतरी चुकवावा लागतो. ही तुमची थाप. अशी थाप एका कथेत एकच मारावी आणि बाकीचा सगळा हिशेब चोख ठेवावा. वाचक एक थाप आनंदाने पचवतो. दुसरी पकडतो. तिसऱ्या थापेला अंक मिटून चहा ठेवतो.

जहाजाला माठाची गरज का पडावी?

कारण अंतराळात थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास मोठा. पोकळीत उष्णता वाहून न्यायला हवा नसते, ती फक्त प्रारणाच्या, म्हणजे किरणांच्या, रूपाने बाहेर फेकता येते. म्हणून जहाजाला रेडिएटरचे पंख लागतात. इंजिन बंद असताना घरखर्चाची १ मेगावॅट उष्णता टाकायची आहे समजा. पंखांचं तापमान खोलीएवढं, म्हणजे ३०० केल्व्हिन असेल, तर दोन्ही बाजूंनी प्रारण धरूनही जवळजवळ १,१०० चौरस मीटरचा पंख हवा. चार टेनिस कोर्ट मावतील एवढा. तोच पंख १,००० केल्व्हिनपर्यंत तापवता आला तर ९ चौरस मीटरांत भागतं, कारण प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पण तेवढं तापमान सोसणारे पंप आणि नळ्या महाग पडतात.

पंख नाजूक असतात, खडा लागला की गळतात आणि दुरून शत्रूच्या दुर्बिणीत ठळक दिसतात. अशात फुकट थंडावा देणारा माठ मिळाला, तर तांडेल पहिली गोष्ट काय करेल? पंख घडी करून ठेवेल. दुसऱ्या महिन्यात ते विकून टाकेल. ही विक्री कथेत लवकर आणि किरकोळ बाब म्हणून येऊ द्या. कॅलिस्टोच्या गोदीवर भाव ठरवण्याचं एक विनोदी दृश्य पुरे. त्याचा हिशेब शेवटी होईल.

कॅलिस्टोच का? युरोपा जास्त प्रसिद्ध आहे.

युरोपाच्या पृष्ठभागावर किरणोत्सर्गाची मात्रा दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट आहे. ४–५ सिव्हर्ट एकदम मिळाले आणि उपचार नसले, तर निम्मी माणसं मरतात. कॅलिस्टो गुरूपासून जवळपास १८.८ लाख किलोमीटरवर, किरणोत्सर्गाच्या मुख्य पट्ट्यांच्या बाहेर आहे. तिथे वस्ती, गोदी, चहाची टपरी सगळं शोभतं.

प्रवासाला किती दिवस लावायचे?

अर्धं अंतर वेग वाढवत, अर्धं कमी करत जाणारं जहाज धरा. वेळ = २ × √(अंतर ÷ त्वरण). पृथ्वीवरच्या गुरुत्वाएवढं, म्हणजे १ जी त्वरण सतत मिळालं, तर सूर्य-पृथ्वी एवढं अंतर सुमारे २ दिवस २१ तासांत, गुरू ६ दिवस १० तासांत आणि शनी साडेआठ दिवसांत. त्वरण दहाव्या हिश्श्यावर आणलं तर वेळ दहापट होत नाही, ३.१६ पट होतो: गुरूला साधारण २० दिवस. चूक सगळ्यात जास्त इथेच होते.

दोन गोष्टी मात्र लपवू नका. गुरूच्या वाटेवर मध्यावर वेग सेकंदाला २,७०० किलोमीटर असतो. त्या वेगाने आलेल्या १ किलोच्या वस्तूत साधारण ८७० टन टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा असते, म्हणजे १० ग्रॅमचा सुटलेला बोल्ट जवळजवळ ९ टनांचा बॉम्ब. दुसरं, १,००० टनांच्या जहाजाला असं हाकणाऱ्या इंजिनाची शक्ती २५ टेरावॅटच्या घरात जाते. आज अख्खं जग मिळून वापरतं ती सुमारे २०. अशा इंजिनाचं शेपूट ज्या वस्तीकडे वळेल ती वस्ती गेली. परग्रही यंत्राला घाबरणाऱ्या खलाशांच्या पाठीमागे हे धगधगत असतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, याची कथेत मजा घेता येते.

संदेश लगेच पोचतो असं दाखवलं तर चालेल?

सूर्यमालेत नाही. पृथ्वीहून मंगळापर्यंत संदेशाला ३ ते २२ मिनिटं लागतात, गुरूपर्यंत ३३ ते ५४, नेपच्यूनपर्यंत ४ तास. 'मुख्यालयाला विचारतो' म्हणून जाणाऱ्या पात्राला गुरूजवळ उत्तराची वाट तासाहून जास्त पाहावी लागते. तेवढ्यात जहाजावर मतदान होतं, कुणीतरी हट्टाला पेटतं, कुणी माठाला हात लावतं. उशीर ही तुमची फुकटची सामग्री आहे.

मग प्रकाशापेक्षा वेगाने जायचंच नाही?

जा, पण ती तुमची एकमेव थाप धरली जाईल. मग माठ नियमांत बसवावा लागेल. कुठून निघता येतं, किती मोठं जहाज जातं, खर्च काय, हे पहिल्या चार पानांत ठरवा आणि नंतर बदलू नका.

यंत्र सापडल्यावर शास्त्रज्ञ नेमके काय करतील?

लगेच हात लावणार नाहीत. आधी दुरून पाहतील: दृश्य प्रकाशात, अवरक्तात, रेडिओवर. स्वतःहून काही पाठवणार नाहीत, कारण रडारची लहर म्हणजेच एखाद्या यंत्राचं बटण असू शकतं. मग गॅमा आणि न्यूट्रॉन मोजतील. त्यानंतर यांत्रिक हात, तोही वस्तीपासून दूर वेगळ्या यानावर. तापमानाची नोंद तासातासाला. वस्तुमान शेवटी. वजनरहित अवस्थेत तराजू चालत नाही, वस्तू स्प्रिंगच्या चौकटीला बांधून तिचे हेलकावे मोजावे लागतात. अंतराळस्थानकावरचे अंतराळवीर स्वतःचं वस्तुमान असंच मोजतात.

आता गंमत. माठाने सतत १ मेगावॅट खाल्लं तर दिवसाला ८६.४ अब्ज ज्यूल, म्हणजे २०.६ टन टीएनटीएवढी ऊर्जा आत जाते. पन्नास दिवसांत १ किलोटनाहून थोडी जास्त. ऊर्जेला वस्तुमान असतं, त्यामुळे पन्नास दिवसांनी माठ ४८ मिलिग्रॅमने जड झालेला असेल. नव्वद किलोंत ४८ मिलिग्रॅम, म्हणजे एकोणीस लाखांत एक भाग. जहाजावरच्या स्प्रिंगवर तो फरक दिसणार नाही. पृथ्वीवरच्या मापनशाळेतल्या तुलना-काट्यावर दिसेल. पुरावा पहिल्या दिवसापासून समोर आहे, फक्त काटा जाडा आहे. रहस्य लपवायची ही पद्धत आम्हांला 'प्राचीन शापा'पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

विलगीकरण दाखवावं का? त्याने कथा रेंगाळते.

दाखवा, पण गळतं दाखवा. १९६९ साली अपोलो ११ चे तिघे चंद्रावरच्या संभाव्य जंतूंच्या भीतीने २१ दिवस बंदिस्त होते. त्यासाठी ह्यूस्टनला खास प्रयोगशाळा उभारली होती. आणि तरीही यान समुद्रात उतरल्यावर दार उघडलं ते उघड्या हवेतच. जंतू असते तर तिथेच सुटले असते. कडक नियम आणि त्यातलं एक व्यवहारी भोक, ही जोडी कथेला लागते. अपोलो १५ पासून विलगीकरण बंद झालं.

पात्रांनी यंत्र उघडून त्याची नक्कल केली तर?

पेशवाईतल्या पुण्यात, कसब्यातल्या तांबट आळीत, एखाद्या कुशल कारागिराच्या हाती आजचा स्मार्टफोन पडला असं समजा. हात पारंगत, डोळा तयार. तो छिन्नी लावतो आणि पातळ चंदेरी पाकिटाला टोक लागतं. लिथियमची बॅटरी आतल्या आत शॉर्ट होते, फुगते, सणसणीत धूर सोडते आणि पेट घेते. पाणी ओतावं तरी धुमसत राहते. कारागिराचा निष्कर्ष: यात कोंडलेली आग आहे, हे शस्त्र असणार. चुकीचा निष्कर्ष, पण उपलब्ध पुराव्यावरून अगदी रास्त.

समजा फोन शाबूत राहिला. चार्ज कशाने करणार? सलग वीजप्रवाह देणारी व्होल्टाची घटमाला १८०० सालची. त्याआधी होती ती लेडनची बरणी, हजारो व्होल्टचा एक झटका देणारी. चिपमधली वीण पाहावी तर प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, म्हणजे त्याला तिथे फक्त गुळगुळीत काच दिसेल. दोन-अडीचशे वर्षांची दरी एवढी. तुमचे परग्रहवासी दहा हजार वर्षं पुढे असतील, तर 'अभियंत्याने रात्रभर जागून नक्कल केली' हे वाक्य खोडा. वापरता येणं आणि समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खलाशी माठ वापरतात. समजत नाही कुणालाच.

परग्रही कळपट्टीला आपली वायर जोडली तर?

अपोलो १३ वर, १९७० साली, दोन यानांतल्या कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यांपैकी एक चौकोनी आणि दुसरा गोल निघाला. एकाच मोहिमेतली दोन यानं होती ती. शेवटी पिशव्या, पुठ्ठे, नळ्या आणि चिकटपट्टीने जुळवाजुळव करावी लागली. १९९९ साली मंगळाकडे गेलेलं एक यान हातचं गेलं, कारण एका गटाचे आकडे पौंडांत आणि दुसऱ्याचे न्यूटनमध्ये होते. आपलंच आपल्याला बसत नाही, तिथे त्यांचा सॉकेट?

यंत्र बिघडलेलं असावं की ठणठणीत?

ठणठणीत असूनही चुकणारं असेल तर उत्तम. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी शियापारेली हे युरोपचं यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ऐकत होती, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली. आवाज मध्येच तुटला. नंतर उलगडलं ते असं: डोलण्याचा वेग मोजणारा भाग सुमारे एक सेकंद आपल्या मापाच्या टोकाला अडकून राहिला. त्या एका चुकीच्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली, ती उणे आली. म्हणजे आपण जमिनीखाली आहोत. मग त्याने पॅराशूट सोडलं, ब्रेकची रॉकेटं तीन-एक सेकंदांत बंद केली आणि जमिनीवर करायची कामं सुरू केली. खरी उंची होती ३.७ किलोमीटर. तर्कात खोट नव्हती, हाती आलेला आकडा खोटा होता. तुमचं परग्रही यंत्रही असंच आज्ञाधारक असू द्या.

यंत्रावर धोक्याची सूचना लिहिलेली असेल का?

असेल, आणि वाचता येणार नाही. अमेरिकेत अण्वस्त्रांचा कचरा पुरण्याच्या जागेवर १०,००० वर्षं टिकेल आणि कळेल अशी सूचना कशी लिहावी, यावर तज्ज्ञांच्या गटांनी काम केलं, त्यांचा अहवाल १९९३ चा. अडचण अशी की भव्य इशारा दिसला की माणूस खणायलाच लागतो. इजिप्तची थडगी आठवा.

उलट बाजूही पाहा. १९७७ च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. शिवाय गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडी सापडणाऱ्याला तो इशारा वाटेल, नकाशा वाटेल की पदार्थ, सांगता येत नाही.

माठ केबिनमध्ये ठेवला तर काय दिसेल?

हा तपशील बहुतेक जण चुकवतात. पृष्ठभाग उणे १९३ अंशांवर आहे. आधी हवेतल्या बाष्पाचं पांढरं कवच धरेल. ते खरवडलं की फिकट निळसर थेंब गोळा होतील आणि खाली ओघळतील (जहाज त्वरणात असेल तर, नाहीतर पृष्ठभागालाच चिकटून फुगतील). ते पाणी नव्हे. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रव होतो. तेलकट फडक्याने कुणी ते पुसलं आणि जवळ ठिणगी पडली, तर फडकं नुसतं जळत नाही, त्याचा स्फोट होतो. कथेतला पहिला अपघात हाच ठेवा. सगळे म्हणतील, फडक्याचा दोष, आणि माठावरचा संशय टळेल.

अंतराळात माणूस फुटतो का?

नाही. गोठूनही लगेच जात नाही. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात एकाच्या सूटची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध गेली, आणि शेवटचं आठवलं ते जिभेवरची लाळ उकळल्याचं. हवा पुन्हा भरली, तो वाचला.

फिरत्या जहाजाची त्रिज्या किती धरू?

१ जी हवा असेल तर मिनिटाला दोन फेऱ्यांसाठी २२४ मीटर, चार फेऱ्यांसाठी ५६. चार फेऱ्यांना नवख्यांना मळमळतं. चहा ओतताना धार कपाच्या बाजूला वळते, हे एकदा लिहा, पुन्हा पुन्हा नको.

मराठीत शब्दांचं काय करायचं? 'वायुबंध कक्ष' की एअरलॉक?

एअरलॉक. संकटात सापडलेला माणूस सहा अक्षरी तत्सम शब्द ओरडत नाही. थ्रस्टर, रेडिएटर, रिअ‍ॅक्टर, हेल्मेट तसेच ठेवा. मात्र 'कृष्णविवर' रुळलेला आणि सुंदर आहे, तो सोडू नका. जहाजासाठी कोकण किनाऱ्याकडे वळा: तांडेल, सारंग, खलाशी, नाळ, सुकाणू, गोदी. कॅप्टनला 'नाखवा' म्हणणारा मेकॅनिक आणि 'सर' म्हणणारी डॉक्टर एकाच टेबलावर बसवलीत की जहाजाची अर्धी उतरंड न सांगता कळते. वयाने मोठ्या तंत्रज्ञाला 'काका' म्हणणारी कॅप्टनही चालते, फक्त हुकूम सोडताना ती काय म्हणते ते ठरवून ठेवा.

कथा कुठे पाठवावी?

दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, तेव्हा गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाची. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा आहेच. जयंत नारळीकरांनी १९७४ साली तिथे 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून.

शेवटी माठाचं काय करायचं?

भरत आल्याचं कळलं की बाहेर फेकायचा. प्रश्न, किती लांब? पोकळीत स्फोटाची लाट नसते, फक्त प्रारण असतं आणि ते अंतराच्या वर्गाने विरळ होतं. १० किलोमीटरवर त्या १ किलोटनातून दर चौरस मीटरला सुमारे ३,४०० ज्यूल येतील. माठ ती ऊर्जा साध्या प्रकाशात सोडत असेल, तर हे पृथ्वीजवळच्या अंतराळातल्या अडीच सेकंदांच्या उन्हाएवढं, काही होत नाही. तीच गॅमा किरणांत सोडत असेल, तर आडोसा नसलेल्या माणसाला १० ग्रेच्या आसपास मात्रा बसते (गॅमासाठी १ ग्रे म्हणजे १ सिव्हर्टच), म्हणजे मरण. शंभर किलोमीटरवर तीच ०.१ ग्रे, म्हणजे जगतो. प्रकाश की गॅमा, हे कुंडलीच्या चौथ्या रकान्यात आधीच लिहिलेलं असेल. खलाशांना ठाऊक नाही, म्हणून त्यांनी शंभर किलोमीटर गाठायचेच.

मुख्य इंजिन १ जी देतं, शंभर किलोमीटर अडीच मिनिटांच्या आत. पण इंजिन पेटवायचं तर त्याची उष्णता टाकायला पंख हवेत, आणि पंख गोदीवर विकलेले. उरतात थंड वायूचे थ्रस्टर, ०.०१ जी. त्यांनी १० किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात आणि १०० ला २४. आता माठ फुटायला किती मिनिटं उरली आहेत, तेवढं तुम्ही ठरवा. आम्ही धरली असती तर पंधरा.